बचत गटाचा उद्योग: आधी गिऱ्हाईक, मग प्रशिक्षण, शेवटी यंत्र



एरवी आपण येथे पिकाच्या लागवडीपासून काढणीपर्यंतची माहिती घेतो. आज काढणीनंतरचा एक प्रश्न पाहू. गावातला महिला बचत गट मिरची पूड, पापड, डाळ किंवा लोणच्याचा उद्योग ठरवतो. प्रशिक्षण होते, कर्ज मंजूर होते, यंत्र येते. दोन वर्षांनी काही गट जोरात चाललेले दिसतात, तर काहींचे यंत्र समाजमंदिरात ताडपत्रीखाली झाकलेले असते. कर्जाचा हप्ता मात्र दोघांनाही भरावा लागतो. हा फरक नशिबाचा नाही. उद्योगाची सुरुवात कोणत्या टोकाकडून केली, यावर तो बराचसा ठरतो.

मी भोईवाड्यात राहते आणि गावोगावच्या गटांना प्रक्रिया उद्योगाचे धडे देते. भोईवाडा, परळ, लालबाग हा जुना गिरणगाव. इथे गावाकडून आलेल्या बायकांनी बँकेचे कर्ज घेऊन धंदा कसा सांभाळला, याचे एक मोठे उदाहरण पन्नास वर्षांपूर्वी घडले. आजच्या योजना समजून घ्यायलाही ते उपयोगी पडते.

सध्याचे चित्र: आकडे मोठे, प्रश्न लहान

नाबार्डने १९९२ साली सुमारे ५०० गटांपासून बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. २०११ पासून राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि आपल्याकडे ‘उमेद’ आले. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी बांधणी झाली. त्याआधी १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, हेही याच क्षेत्रात काम करत आहे.

आता भर उत्पन्नावर आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ‘लखपती दीदी’चे उद्दिष्ट २ कोटींवरून ३ कोटींवर नेण्यात आले. २५ ऑगस्ट २०२४ रोजी जळगावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत ११ लाख नव्या लखपती दीदींचा गौरव झाला. त्याच कार्यक्रमात गटांसाठी २,५०० कोटी रुपयांचा निधी आणि ५,००० कोटी रुपयांची बँक कर्जे जाहीर झाली. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात दहा जिल्ह्यांत ‘उमेद मॉल’ उभारायला मंजुरी दिली.

पैसा आणि इच्छा दोन्ही आहे, हे मान्य करू. पण लखपती दीदी म्हणजे कोण, हे नीट वाचा. गटातील ज्या महिलेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपये किंवा अधिक आहे, ती लखपती दीदी. हे उत्पन्न किमान चार शेती हंगाम किंवा व्यवसायाची चार आवर्तने टिकायला हवे आणि महिन्याची सरासरी दहा हजारांवर हवी. इथे ‘कुटुंबाचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कापसाचा पैसा, नवऱ्याची मजुरी, दूध आणि गटाचा उद्योग हे सगळे एका घराच्या खात्यात मोजले जाते. घराची स्थिती कळायला हे ठीक आहे. पण तिच्या उद्योगाने तिला नेमके किती मिळवून दिले, हे त्यातून कळत नाही. तो हिशेब गटालाच मांडावा लागतो.

गिरणगावचा धडा: गिऱ्हाईक आधीच दाराशी होते

कोकण आणि घाटावरच्या जिल्ह्यांतून आलेले हजारो पुरुष गिरण्यांत कामाला लागले. अनेकांची कुटुंबे गावीच होती. त्यांना जेवू घालायचे काम चाळींतल्या बायका करत. एका खोलीत दहा-वीस कामगारांचा डबा किंवा पान. पैसे महिन्याच्या शेवटी, पगार झाल्यावर. त्यामुळे महिनाभर वाण्याची उधारी, आणि उधारी थकली की सावकार. बाई पहाटेपासून राबायची आणि तिच्या कष्टाचा मोठा वाटा व्याजात जायचा.

गोवा मुक्ती लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले. संपाच्या काळात गिरणी कामगारांना उधारीवर जेवण घालून याच बायकांनी तगवले होते, पण त्यांना स्वतःला कोणी दारात उभे करत नव्हते. १९७५ साली प्रेमाताईंनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. पहिल्या तुकडीत १४ जणी होत्या. तारण ठेवायला कोणाकडे काही नव्हते. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले. त्यांची परतफेड पाहून पुढे हजारो जणी आल्या. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या उदाहरणाकडे व्यवसायाच्या नजरेने पाहा. त्या १४ जणींना स्वयंपाक शिकवावा लागला नाही आणि गिऱ्हाईकही शोधावे लागले नाही. माल ठरलेला होता, माणसे ठरलेली होती, पैसे येण्याचा दिवसही ठरलेला होता. अडचण एकच होती, महाग भांडवल. बँकेच्या कर्जाने नेमकी तीच दूर झाली. सावकाराच्या घशात जाणारा पैसा घरात राहिला आणि त्यातूनच हप्ता फिटला. चालत्या धंद्यातली नेमकी अडचण ओळखून तिथे घातलेले कर्ज असे फिटते.

दुसरा धडा १९८२ चा. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बरेचसे गावी परतले. खानावळवाल्या बायकांचे हात तेच, चव तीच, गटही तोच, पण जेवणारा माणूस गेला. मंडळाला मग केटरिंगसारख्या कामाकडे वळावे लागले. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो, हे गिरणगावाने फार महाग किंमत देऊन पाहिले.

आजच्या बहुतेक गटांचा प्रवास याच्या उलट होतो. आधी प्रशिक्षणाची तारीख येते. मग ज्याचे प्रशिक्षण झाले तोच उद्योग ठरतो. मग त्या उद्योगासाठी कर्ज, मग यंत्र, मग माल. घेणार कोण, हा प्रश्न शेवटी येतो. तोपर्यंत दहा जणींच्या सह्या कर्जाच्या कागदावर झालेल्या असतात. माल पडून राहिला तर एकीचे नुकसान होऊन थांबत नाही. गटाची बँकेतली पत जाते, बायकांची आपसातली बोलणी बंद होतात आणि दहा वर्षांत जमवलेला गट मोडतो. म्हणून क्रम बदलायला हवा.

एक उदाहरण: मिरची पूड

आपल्या गटांमध्ये मिरची पूड आणि मसाला हा बऱ्याचदा निवडला जाणारा उद्योग आहे. कच्चा माल शेतात आहे, काम माहितीचे आहे. त्याचा हिशेब मांडू. खालचे दर समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले दर घालून पाहा.

समजा गटातील पाच जणींनी १०० किलो सुकी मिरची घेतली. देठ, खराब मिरची, वाळवण आणि दळण यांत १२ किलो घट आली. पूड निघाली ८८ किलो, म्हणजे २०० ग्रॅमची ४४० पाकिटे.

- मिरची, १०० किलो, २०० रुपये दराने: २०,००० रुपये
- दळण, ८८ किलो, २५ रुपये दराने: २,२०० रुपये
- पाकीट आणि लेबल, ४४० नग, ४ रुपये दराने: १,७६० रुपये
- वाहतूक: १,५०० रुपये
- एकूण रोख खर्च: २५,४६० रुपये

किलोला खर्च आला साधारण २८९ रुपये. गटाने ३२० रुपये किलोने विकले, तर हातात २८,१६० रुपये आले आणि वहीत नफा लिहिला गेला २,७०० रुपये. सगळ्या खूश.

आता राहिलेली ओळ लिहू. देठ खुडणे, वाळवणे, चाळणे, भरणे, सील करणे यासाठी पाच जणींचे चार दिवस गेले, म्हणजे २० दिवसांची मजुरी. ३०० रुपये रोज धरला तर ६,००० रुपये. खरा खर्च झाला ३१,४६० रुपये, किलोला साधारण ३५८. म्हणजे ३२० ला विकून गटाला ३,३०० रुपये तोटा झाला. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येकीला दिवसाला १३५ रुपये सुटले. शेजारच्या शेतात खुरपणीला गेली असती तर जास्त मिळाले असते.

बचत गटांच्या हिशेबात सर्वाधिक वेळा गळणारी ओळ हीच, स्वतःच्या हातांची मजुरी. दुसरी गळणारी ओळ घरच्या मालाची. मिरची स्वतःच्या शेतातली असली तरी ती फुकट नसते. बाजार समितीत त्या दिवशी जो दर आहे, त्या दराने गटाने ती विकत घेतली असे लिहा. नाहीतर शेतीचा नफा मसाल्यात गेला की मसाल्याचा तोटा शेतीने भरला, हे कधीच कळणार नाही.

आता तीच पूड ४०० रुपये किलोने गेली तर काय होते? ३५,२०० रुपये येतात. मजुरी धरून ३,७४० रुपये नफा राहतो. प्रत्येकीला मजुरी आणि नफा मिळून एका खेपेला १,९४८ रुपये. महिन्याला दहा हजारांच्या जवळ जायचे असेल तर अशा पाच खेपा हव्यात. म्हणजे महिन्याला ४४० किलो पूड, २,२०० पाकिटे. एका घराला वर्षाला चार किलो मिरची पूड लागते असे धरले, तर फक्त तुमच्याकडूनच घेणारी १,३२० घरे हवीत. त्या घरांची यादी तुमच्याकडे आहे का? यंत्र घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

हे वाचून घाबरू नका. एकट्या मिरची पुडीवर लखपती होणे अवघड आहे, एवढाच याचा अर्थ. मिरची हंगामात, सोबत शेळी किंवा परसबागेतल्या कोंबड्या, भाजीपाला, दिवाळीत फराळ असे दोन-तीन पाय असले तर दहा हजारांची सरासरी गाठता येते आणि एक गिऱ्हाईक तुटले तरी घर बसत नाही.

लालबागच्या बाजारातून काय शिकायचे

मार्च ते मे या काळात लालबागच्या मसाला बाजारात एकदा जाऊन या. पावसाळ्यापूर्वी वर्षाचा मसाला करून ठेवायची मुंबईकरांची पद्धत अजून टिकून आहे. बाई दुकानात येते, रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटपणासाठी लवंगी किंवा गुंटूरची मिरची, चवीसाठी संकेश्वरी असे प्रमाण सांगते. खडा मसाला भाजून घेते आणि डंकावर आपल्यासमोर कुटून घेते. डोळ्यांसमोर झाले म्हणून भेसळ नाही, हा विश्वास ती विकत घेत असते.

तुमचे सीलबंद पाकीट तिला तो विश्वास देऊ शकत नाही. मग दोन वाटा उरतात.

पहिली वाट, पूड करूच नका. स्वच्छ, वाळलेली, एकाच जातीची, डाग नसलेली, देठ काढलेली मिरची प्रतवारी करून विका. ‘मूल्यवर्धन’ म्हणजे दरवेळी दळणे नव्हे. नीट प्रतवारी हेही मूल्यवर्धनच आहे आणि त्याला यंत्र लागत नाही, कर्जही लागत नाही. मात्र देठ काढलेली मिरची लवकर खराब होते, म्हणून विक्री ठरल्यावरच देठ खुडा. भिवापुरीसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीच्या भागातल्या गटांनी तर जातीचे नाव जपलेच पाहिजे. दुसरी मिरची मिसळली की नावाची किंमत गेली.

दुसरी वाट, ओळखीतून विका. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईकर मंडळे आहेत, काहींच्या गावकीच्या खोल्या आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसेही इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. आपल्या गावचा मसाला, कुळीथ पीठ, कोकम म्हटले की त्यांना विश्वास वेगळा मिळवावा लागत नाही. तुमच्या गावच्या मुंबई मंडळाला डिसेंबर-जानेवारीत पत्र टाका, व्हॉट्सअॅपवर यादी पाठवा, कोणाला किती किलो हवे ते लिहून घ्या. निम्मे पैसे आगाऊ मागा. गावचा माणूस तेवढे देतो. मग फेब्रुवारीत मिरची खरेदी, मार्चमध्ये दळण. ऑर्डर हातात असताना घेतलेले कर्ज गटाला पेलते.

दर्जासाठी तीन गोष्टी सांभाळा:

- मिरची जमिनीवर नको, स्वच्छ ताडपत्रीवर किंवा उंच जाळीवर वाळवा. रात्री दवापासून झाका. ओलसर मिरचीला बुरशी लागते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते दळून किंवा भाजून जात नाही.
- ओलावा १० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत दळू नका. वाळलेली मिरची हलवली की आत बी वाजते आणि मुडपली की मोडते.
- एकदम खूप दळू नका. चक्की तापली की वास उडतो. थांबून थांबून दळा, पूर्ण थंड झाल्यावरच भरा. पूड उजेडात ठेवली तर रंग उतरतो.

एक चव, अनेक हात

गटाने मिळून उद्योग करायचा म्हणजे दहा घरांत दहा चवी, असे होऊ देऊ नका. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. त्यांची कामाची रचना पाहण्यासारखी आहे. पीठ एका जागी मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, लाटलेला पापड पुन्हा केंद्रावर तपासून घेतला जातो आणि लाटण्याची मजुरी कामाप्रमाणे दिली जाते. चवीवर ताबा एका ठिकाणी, काम मात्र घरोघरी. लहान मूल असलेल्या बाईलाही त्यात जागा मिळाली.

तुमच्या गटातही मिश्रण, भाजणे आणि दळणे एका जागी, एका जबाबदार बाईच्या नजरेखाली ठेवा. देठ खुडणे, निवडणे घरी वाटून द्या आणि वजनावर मजुरी द्या. कामाला येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोघींना समान वाटा मिळाला की भांडण ठरलेले. आधी मजुरी कामाप्रमाणे, मग उरलेला नफा सभासदांत, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरावाच्या वहीत लिहा.

प्रशिक्षण कोणते आणि कधी

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालतात. तिथे प्रशिक्षण, राहणे, जेवण मोफत असते. कृषी विज्ञान केंद्रात प्रक्रिया, शेळीपालन, कुक्कुटपालन, रोपवाटिका यांचे वर्ग होतात. या दोन्हींचा लाभ घ्याच. मात्र जाताना तीन प्रश्न घेऊन जा: या उद्योगाचा दर किलोचा खर्च कसा काढायचा? आमच्या तालुक्यात हा माल आज कोण घेते आणि काय दराने? प्रशिक्षणानंतर सहा महिने अडचण आली तर कोणाला विचारायचे? यातले एकही उत्तर मिळाले नाही तर ते प्रशिक्षण अर्धे आहे असे समजा.

हिशेबाचे प्रशिक्षण हे पाककृतीच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला तो आधी नाकारला गेला, कारण प्रवर्तक सभासद निरक्षर होत्या. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. पुढे त्यांनी व्यवसाय शिक्षणाचा वर्ग बसमधून गावोगावी नेला. कारण दुभते जनावर आणि शाळेची मुले सोडून बाई आठ दिवस जिल्ह्याला येऊ शकत नाही. तुमच्या ग्रामसंघाने ठराव करून असा वर्ग गावातच, दुपारी दोन ते पाच या वेळेत मागावा.

पैसा कोठून आणि कशासाठी

- गटाचे बँक कर्ज: अभियानातील महिला गटांना ३ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्के व्याजाने मिळते. १० लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, आणि हमी योजनेच्या संरक्षणाने हीच सोय २० लाखांपर्यंत आहे. बँक तारण मागत असेल तर प्रभागसंघामार्फत लेखी विचारा.
- प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना: २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी जोडलेले अनुदान आणि गटातील सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल अशी तरतूद आहे. अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाची मुदत विचारून घ्या.
- फिरता निधी: महाराष्ट्रात तो १५,००० वरून ३०,००० रुपये झाला आहे. पहिली छोटी खेप करून बाजार चाचपायला हाच पैसा सर्वांत योग्य.
- मायक्रोफायनान्स: दारात येऊन मिळते, पण व्याज बहुधा २० टक्क्यांच्या वर असते आणि हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला. मसाल्याचा पैसा दीड महिन्याने येतो. या दोन वेळांचा मेळ बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. हा आकडा स्वतःच्या वहीत तपासा.

अनुदान ३५ टक्के असले तरी उरलेले ६५ टक्के तुमच्या डोक्यावर आहेत. ‘अनुदान आहे म्हणून मोठे यंत्र’ हा विचार सोडा. पहिले वर्ष गावातल्या चक्कीवर भाड्याने दळून घ्या. भाड्याचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त होऊ लागला की मगच स्वतःचे यंत्र.

प्रदर्शन हे बाजाराची परीक्षा, बाजार नव्हे

मुंबईत महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात. माणदेशी महोत्सवही प्रभादेवी-परळ भागात भरत आला आहे. पाच-दहा दिवसांत चांगली विक्री होते. पण नंतरचे ३५० दिवस काय? स्टॉलवर एक वही ठेवा. घेणाऱ्याचे नाव, फोन, काय घेतले, पुन्हा कधी लागेल ते लिहून घ्या. महिन्याने फोन करा. शंभरातल्या वीस जणी परत घेणाऱ्या निघाल्या तर माल चांगला आहे. कोणीच घेतला नाही तर चव, दर किंवा पाकीट यात काहीतरी चुकते आहे. तेव्हा कर्ज वाढवू नका.

दुकानदाराशी बोलताना त्याचा वाटा आधी धरा. पाकिटावर १०० रुपये छापले आणि तो २० टक्के घेत असेल, तर तुम्हाला ८० मिळतात. वरच्या उदाहरणातला ४०० रुपये किलोचा दर असाच निघतो. पाकिटावर मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची मुदत, बॅच क्रमांक, किंमत, गटाचा पत्ता व फोन, शाकाहारी चिन्ह आणि एफएसएसएआय क्रमांक हवा. लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, ऑनलाइन नोंदणी पुरते. ती न करता दुकानात माल ठेवला तर एका तक्रारीत सगळे बंद होते.

धोरण आखणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. किती जणींना प्रशिक्षण दिले आणि किती कोटींचे कर्ज वाटले, यासोबत आणखी दोन आकडे मोजावेत: दोन वर्षांनंतर किती उद्योग चालू आहेत, आणि स्वतःची मजुरी वजा करून बाईच्या हातात किती पडले. उमेद मॉलसारख्या ठिकाणी गाळे देताना हीच वही मागितली, तर गट आपोआप हिशेब ठेवू लागतील.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी

१. जो माल करायचा आहे तो आज विकत घेणाऱ्या वीस घरांची नावे लिहा. वीस जमली नाहीत तर उद्योग बदला किंवा थांबा.
२. फिरत्या निधीतून एकच छोटी खेप करा, मिरची असेल तर २०-२५ किलो.
३. खर्चात मजुरी आणि घरचा माल बाजारभावाने धरा.
४. तोच माल त्याच घरांना दुसऱ्यांदा विकून पाहा.
५. दुसऱ्यांदा विकला गेला तर कोणती अडचण मोठी आहे ते ठरवा: भांडवल, दर्जा, वाहतूक की वेळ? कर्ज आणि प्रशिक्षण त्या अडचणीसाठीच मागा.
६. एकाच गिऱ्हाइकाकडे निम्म्याहून जास्त माल जाऊ देऊ नका.

मिरचीची लागवड करताना आपण माती तपासतो, पाण्याचा अंदाज घेतो, मग रोपे लावतो. उद्योगालाही तीच शिस्त लावा. ताडपत्रीखालचे यंत्र विकून कर्ज फिटत नाही. वीस नावांच्या यादीला मात्र काही खर्च येत नाही. ती या आठवड्याच्या बैठकीतच सुरू करा.